परदेशात भाड्याची गाडी : आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन चालक परवाना) लागतो का? तुमचे अनुभव लिहा

जूनमध्ये आम्ही चौघं इटलीला निघालोय, टस्कनीत गाडी घेणार. आमचे हे म्हणतात, "लायसन्स इंग्रजीत आहे, कोण विचारतंय?" मी मात्र आरटीओत जाऊन यायच्या मताची. फी १००० रुपये. काउंटरवर मागितला का, पोलिसांनी मागितला का, ते सांगा.

*

ताई, इटलीला काढाच. रोमला काउंटरवरच्या मुलाने काही न विचारता किल्ली दिली, आम्ही खूश. अमाल्फीच्या रस्त्यावर पोलिसांनी अडवलं. आपल्या लायसन्सबरोबर तिथे आयडीपी किंवा अधिकृत इटालियन भाषांतर लागतं. दंड भरला, वर बायकोचं "मी सांगितलं होतं" चार दिवस ऐकलं. आणि फ्लॉरेन्सच्या झेडटीएलमध्ये, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागात, शिरू नका. कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र नंतर घरी येतं.

*

आइसलँडला कुणीच विचारलं नाही. लायसन्स रोमन लिपीत असलं की तिथे पुरतं. तिथली खरी धास्ती वाऱ्याची! दार धरूनच उघडायचं, नाहीतर बिजागरीतून उलटं फिरतं, आणि साध्या विम्यात ते बसत नाही.

*

आमची वेगळीच गंमत. ओकिनावाला उतरलो, आयडीपी हातात, मूळ लायसन्स नाशिकला टीव्हीखालच्या खणात. डिजिलॉकर उघडून दाखवलं. काउंटरवरची मुलगी तीनदा वाकून "सॉरी" म्हणाली, गाडी काही दिली नाही. आयडीपी म्हणजे लायसन्सची जोडपुस्तिका, एकटी चालत नाही. मग काय, नाहामध्ये मोनोरेल आणि चुराउमी मत्स्यालयाला बस. सासूबाई बसमध्ये छान झोपल्या.

*

फुकेतला स्कूटर घेणाऱ्यांनो, आयडीपीवर दुचाकीचा शिक्का आहे का बघा. माझ्या लायसन्सवर फक्त चारचाकी, त्यामुळे आयडीपीवरही तेवढंच. नाक्यावर ५०० बाट गेले.

*

फार आधी काढू नका, मुदत १ वर्षाचीच, आणि लायसन्स त्याआधी संपत असेल तर तितकीच. 'घरपोच आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. आपला आयडीपी आरटीओच देतं.

*

धागाकर्ती : ओकिनावावाल्यांचं वाचून हे खण उपसायला गेलेत. दोघांनी आलटून पालटून चालवायचं तर दोन आयडीपी ना?

*

हो, दोन. आणि काउंटरवर दुसऱ्या चालकाचे रोजचे पैसे वेगळे लावतात, तेही विचारून ठेवा.