गडद टेनर हवा असेल तर कॉन टेन-एम घ्या, मार्क सिक्स नव्हे

खर्जप्रेमी: जुना टेनर सॅक्सोफोन घ्यायचं मनात आलं की जो तो सेल्मर मार्क सिक्सच्या मागे लागतो. जॅझमधला तो जाड, धुरकट आवाज हवा असेल तर पॅरिसचा सेल्मर सोडा आणि अमेरिकेत एल्कहार्टला बनलेला कॉन टेन-एम शोधा. टेन-एम वाजवणाऱ्या डेक्स्टर गॉर्डनची १९४० च्या दशकातली रेकॉर्डिंगं ऐका, खालचे सूर छातीत जाणवतात. १९५४ साली आलेल्या मार्क सिक्सचं खरं कौतुक त्याच्या कीजचं, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांचं. बोटं बिनअडथळा फिरतात, कबूल. पण आपण किंमत मोजतो बोटांच्या सोयीची आणि गुण गातो आवाजाचे.

रीडफुटी: अहो, तोच डेक्स्टर पुढे मार्क सिक्स वाजवू लागला. आवाज पातळ झाला का त्याचा? टेनरवादक स्टॅन गेट्झ मार्क सिक्सवर, जॉन कोलट्रेनही मार्क सिक्सवर. एक मऊ नि हवेशीर, दुसरा धारदार. आणि तुमच्या कॉनवर कोण? काउंट बेसीच्या बँडमधला लेस्टर यंग! त्या काळात त्याच्याइतका हलका टेनर दुसरा दाखवा.

खर्जप्रेमी: हलका म्हणजे उजळ नव्हे. लेस्टरच्या आवाजाला धार कुठे आहे? व्हायब्रेटो (सुरातला कंप) कमी, फुंक हलकी, तरी सूर गोलच. गोलाई वाद्याची, वजन त्याने ठेवलं नाही एवढंच.

रीडफुटी: म्हणजे जाड वाजला तर श्रेय कॉनचं, हलका वाजला तर लेस्टरचं. छान आहे.

मांडवीकाठ: दोघंही माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, विसरलात. जुनी अमेरिकन वाद्यं मोठ्या, गोल चेंबरच्या (आतल्या पोकळीच्या) माउथपीसवर सुरात बोलतात. त्याच कॉनला आजचा अरुंद चेंबरचा, उंच बॅफलचा (टोकाशी आतलं छत उंचावलेला) माउथपीस लावा. कर्कश तर होईलच, वरचे सूरही हलतील. पॅडचंही, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्यांचंही, तेच. दुरुस्तीत पॅडच्या मधोमध मोठ्या धातूच्या चकत्या बसवल्या की आवाज उघडा होतो. मग लोक म्हणतात, कॉनबद्दल ऐकलं होतं तसा काही वाटत नाही! विकणाऱ्याला साल विचारण्याआधी पॅडचं विचारा.
आम्हा पणजीकरांना तर पावसाळ्याचीही धास्ती. चामड्याचे पॅड दमट हवेत फुगतात, कुठेतरी हवा गळते आणि सगळ्यात आधी खर्ज जातो. जुन्या टेन-एमच्या टोन होलच्या (नळीवरच्या भोकांच्या) कडा बाहेर वळवलेल्या असतात, त्यावर पॅड नीट बसवणारा सहजी मिळत नाही. आधी कारागीर शोधा, मग वाद्य.

सानिका_टेनर: गडदपणाचीच शर्यत असेल तर माझ्या मते टेनरवादक बेन वेबस्टर सगळ्यांच्या पुढे. संथ गाण्यात शेवटी तर नुसता श्वासच ऐकू येतो. त्याच्या हाती वर्षानुवर्षं सेल्मरच होता, मार्क सिक्सच्या आधीचा बॅलन्स्ड ॲक्शन. आणि ‘बोटांची सोय’ म्हणून उडवून लावू नका हो. कॉनवर डाव्या करंगळीच्या कीज जड जातात, माझा हात लहान आहे. खालच्या सुरासाठी करंगळी झगडत असेल तर तो सूर गडद काय, धड निघतही नाही.

खर्जप्रेमी: वेबस्टर मान्य. करंगळीचंही मान्य. पण एकच माउथपीस, एकच रीड (माउथपीसवरची वेताची पट्टी) घेऊन दोन्ही वाद्यं लागोपाठ वाजवून पाहा. शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला फरक कळणार नाही कदाचित, वाजवणाऱ्याला कळतो. कानाशी जाड आवाज आला की माणूस घाई करत नाही, सूर लांबवतो, कमी सूर वाजवतो. कॉनवर मी वेगळं वाजवतो, ते वाद्यामुळेच.

रीडफुटी: हे आधी बोलला असतात तर वाद निम्मा झाला असता. पण मग ‘मला कॉन जमतो’ म्हणा, सगळ्यांना घ्यायला का लावता? तुमची दोन्ही वाद्यांवरची रेकॉर्डिंगं टाका, नावं न सांगता. कोणतं कॉन ते आम्ही ओळखतो.

सानिका_टेनर: आणि मोबाइलवर रेकॉर्ड करू नका, त्यात खर्ज येतच नाही.