‘गटार तुंबलीय अन् ह्या नायजेरियासाठी प्रार्थना करायलेत’ – याला उत्तर, जरा लांबलंय

निवृत्त_सिस्टर
परवा इथे एकाने आमच्या चर्चच्या फलकाचा फोटो टाकला. फलकावर एवढंच होतं: मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन, सर्व भगिनींनी यावे. त्याखाली या महाशयांची ओळ: "गेटसमोर गटार तुंबलीय अन् ह्या बायका नायजेरियासाठी गुडघे टेकायलेत. जगाची सेवा म्हणे!" अडतीस जण हसले. दोन दिवस गप्प बसले, आता नाही बसत.

नायजेरिया आम्ही चिठ्ठी टाकून काढलेला नाही. दर वर्षी एका देशातल्या ख्रिस्ती बायका त्या दिवसाची उपासना लिहितात, आणि बाकीचं जग त्यांच्या शब्दांत प्रार्थना करतं. १९२७ पासून हे जगभर चाललंय. २०२४ ला पॅलेस्टाईनच्या बायकांची पाळी होती, २०२६ ला नायजेरियाच्या. दुसरीचं दुःख तिच्याच तोंडून ऐकायचं असतं, मध्ये आपलं शहाणपण घालायचं नसतं. एकदा बसून बघा, गुडघ्यांपेक्षा ते जास्त दुखतं.

आता सेवा. मी नर्स, जन्म वॉर्डात काढला. एकदा स्त्री-संघात "आजाऱ्यांसाठी" प्रार्थना चालली होती. संपल्यावर एकीने मला विचारलं, "सिस्टर, आजाऱ्याच्या उशाशी बसलेला रात्री काय खातो ओ?" मला उत्तर देता येईना. इतकी वर्षं मी सलाईन बघितलं, स्टुलावरचा माणूस बघितलाच नव्हता. पुढच्या गुरुवारपासून कडक भाकरी, शेंगाचटणी अन् आमटीचा डबा सुरू झाला. कधी चाळीस भाकऱ्या, कधी बारा. कुणाला जात विचारली नाही, कुणाच्या हातात पत्रक दिलं नाही. प्रार्थनेला बसली नसती तर तिला तो प्रश्न पडला नसता. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हणतो ते हेच.

आणि गटारीबद्दल तीन अर्ज दिलेत. पोचपावत्या आहेत.

भैय्याचौकी
फोटो माझाच. अडतीस नव्हे, एक्केचाळीस.

डब्याला हात जोडतो, खरंच. पण भाकरीवर प्रार्थनेचा शिक्का कशाला? आमच्या चौकात डॉ. कोटणिसांचं स्मारक आहे. सोलापूरचा पोरगा १९३८ ला चीनला गेला, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला अन् १९४२ ला तिथंच वारला, बत्तिसाव्या वर्षी. जगाची सेवा याला म्हणतात. त्यांनी कुठल्या यादीत चीनचं नाव वाचलं नव्हतं.

निवृत्त_सिस्टर
बोलावणं आलं अन् माणूस उठून गेला. मी अजून काय वेगळं म्हणतेय?

शेवटचा_बाक
सिस्टर, मी तुमच्या चर्चच्या मंडळीतलाच आहे, म्हणून बोलतो. नंतर पाळकसाहेबांकडे तक्रार करू नका.

आमच्याकडे मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठीच्या प्रार्थनेची, यादी पाठ झालीय. राष्ट्रपती, पंतप्रधान, युक्रेन, सुदान, मग आजारी लोक. माझे वडील अंथरुणाला खिळले, तर त्यांचं नाव आठ रविवार वाचलं. घरी कोण आलं? शेजारचे पद्मशाली काका. टॉवेलच्या कारखान्यातून सुटले की रोज यायचे, वडिलांना कुशीवर वळवायचे. त्यांनी कधी प्रार्थनेचा 'प' काढला नाही. बायबलात याकोबाच्या पत्रात आहे की, उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे" म्हटलं तर त्याचा काय उपयोग? आपण तेच म्हणतो, फक्त माईकवर. आणि कमिटीत भांडतो कशावर, तर भाड्याच्या गाळ्यांवर. जगासाठी प्रार्थना सोपी असते, जग दार वाजवत नाही.

निवृत्त_सिस्टर
वडिलांचं मला माहीत नव्हतं. लागलं मनाला. पण तूही कधी सांगितलं नाहीस.

शेवटचा_बाक
आठ रविवार माईकवरून सांगितलं की ओ.

जुनी_मिल
तुमचं चालू द्या. उजनी भरून वाहते अन् नळाला पाणी चार दिवसांनी येतंय, त्यासाठी कोण गुडघे टेकणार? अन् हो, १९३० ला इथं मार्शल लॉ लागला, १९३१ ला चार हुतात्मे फासावर गेले, तेव्हा मंडळी कुणासाठी प्रार्थना करत होती? राजासाठी?

निवृत्त_सिस्टर
मी १९५४ ची. तेव्हाच्या हजेरीपटावर मी नव्हते.

तारेपलीकडचा
हजेरीपट म्हणालात म्हणून लिहितो, नाहीतर नुसता वाचत होतो.

माझी आजी सेटलमेंटात वाढली. इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मताच गुन्हेगार ठरवलेली आमची माणसं, तारेच्या कुंपणात. रोज हजेरी. मिलमध्ये कामाला जायचं तरी मुभा घेऊन. सरकारने सोलापुरात तो कारभार मिशनऱ्यांकडे दिला होता. त्यांच्या दप्तरी ही सेवाच असणार. देश १९४७ ला सुटला, आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला. तेव्हा 'सेवा' शब्द जरा जपून वापरा.

निवृत्त_सिस्टर
कायदा इंग्रजांचा होता. मिशनऱ्यांनी आत शाळा चालवली, हेही लिहा. अर्धंच सांगायचं असेल तर चर्चा कशाला?

तारेपलीकडचा
पूर्ण सांगतो. आजी आतल्याच शाळेत लिहायला शिकली. शिवणही शिकली. बाईंचं नाव ती शेवटपर्यंत काढायची, आदराने. सही तर अशी करायची की आमच्या बापाला जमली नाही. पण ती पहिली सही तिने कशावर केली माहितीय? बाहेर जायच्या पासावर.

भैय्याचौकी
घ्या! अजून काय सांगायचं राहिलं?

तारेपलीकडचा
तू उड्या मारू नको बे. शहरात चोरी झाली की पहिली गाडी आजही आमच्याच वस्तीत येते. तेव्हा तुझा चौक फोटो टाकतो का? आजीला लिहायला शिकवणारी निदान तारेच्या आत आली होती. तुमच्यातलं कोण आलं?

भैय्याचौकी
मी त्या अर्थाने नव्हतो म्हणालो.

शेवटचा_बाक
त्याच अर्थाने म्हणाला होतास. जाऊ दे.

निवृत्त_सिस्टर
रात्रभर विचार केला. शाळेचं पुढं करून मी तारेवर पांघरूण घालत होते, हे कबूल. पासाची सही डोक्यातून जाईना. प्रार्थना करणं चूक, हे मात्र मी मरेपर्यंत कबूल करणार नाही, ते एक्केचाळीस जणांना कळवा. रविवारी यादीत तुमच्या वस्तीचं नाव घ्यायला सांगू का?

तारेपलीकडचा
यादीत नको. नाव आमचं लई याद्यांत होतं. यायचं तर या.

निवृत्त_सिस्टर
कधी येऊ?

तारेपलीकडचा
पाणी येतं तो दिवस सोडून कधीही. त्या दिवशी सगळ्या बायका नळावर असतात, बोलायला कुणी मिळणार नाही. अन् डबा आणू नका. आमच्याकडे जेवायचं.

जुनी_मिल
बघा, शेवटी पाण्यावरच आलं.

भैय्याचौकी
गटार अजून तशीच आहे. आत्ता बघून आलो. सिस्टर, त्या पोचपावत्यांचे फोटो पाठवा, चौथा अर्ज माझ्या नावाने देतो.