मदत हवी आहे: आमच्या पडद्यांच्या कारखान्याचा इतिहास

नमस्कार मंडळी. आजोबा नाशिकच्या भद्रकालीत बांबूच्या चिका (काड्यांचे गुंडाळायचे पडदे) आणि वाळ्याचे पडदे बनवायचे. पुढे वडिलांनी सातपूरला ॲल्युमिनियमचे व्हेनेशियन ब्लाइंड्स (आडव्या पट्ट्यांचे पडदे) सुरू केले. हंटर डग्लस या ब्लाइंड्स बनवणाऱ्या कंपनीच्या सोनेनबर्ग घराण्याची 1919 पासूनची वाटचाल लिहिलेली सापडते. आपलीही लिहून ठेवावी असं मनापासून वाटतं.

हाताशी आहे ती कडा कुरतडलेली एक पावतीवही. ‘चिक 4 बाय 6, हिरवा दोरा, काठाला खादी’ अशा नोंदी, आणि आजोबांचं अक्षर तर काय सुंदर!

जुन्या जाहिराती शोधायला सार्वजनिक वाचनालयात ‘गावकरी’ दैनिकाचे अंक चाळायला मिळतात का? शॉप ॲक्टच्या जुन्या नोंदी कुठे मागायच्या? आमच्याकडे चिका विणलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर कृपया कळवा, मी स्वतः भेटायला येईन.