गेटवरच्या तिसऱ्या आणि खाडीतलं शिसं

रोहन (बी-३०२): हा फॉरवर्ड सगळ्यांनी वाचा. खाडीतल्या माशांमध्ये शिसं सापडतंय. माझं मत, गेटवर मासे विकायला येणाऱ्या मावशींना उद्यापासून बंद करावं. सोसायटीत लहान मुलं आहेत.

सुमन काकू (ए-१०४): अरे, बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून त्या येतायत. असं कसं एकदम बंद करायचं? आणि मी आजच त्यांच्याकडून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेतल्यात. खायच्या की टाकायच्या, कोणीतरी नीट सांगा.

पाटील काका (ए-२०१): मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा वहिनी. सगळी घाण बाहेर टाकतात.

मेधा (सी-६०२): काका, वाळू टाकतात, शिसं नाही. ते मांसात बसलेलं असतं, उकळूनही जात नाही. एमएस्सीला मी खाडीच्या गाळावरच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिसं पाण्यात फार वेळ विरघळलेलं राहत नाही. बारीक चिखलाच्या कणांना चिकटतं आणि तळाशी बसतं. खाडीचा तो काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल असतो ना, त्यातल्या गंधकाशी ते बांधलं जातं. तसंच राहिलं तर बरंचसं अडकून पडतं. पण ड्रेजिंग (गाळ उपसणं) झालं, भराव पडला, चिखल ढवळला गेला की त्याला ऑक्सिजन मिळतो आणि त्यातलं काही शिसं पुन्हा मोकळं होतं.

तिसरी त्याच चिखलात पुरून बसते. एक नळी वर काढून पाणी आत ओढते आणि कल्ल्यांवर कण गाळून खाते. उघडलेल्या तिसरीत मधोमध जो गडद हिरवट-तपकिरी भाग दिसतो, ती तिची पचनग्रंथी. धातू तिथे जास्त साठतात.

रोहन (बी-३०२): म्हणजे फॉरवर्ड खराच आहे की.

मेधा (सी-६०२): अर्धाच. सगळ्या माशांना एका मापात मोजता येत नाही. शिसं पाऱ्यासारखं मोठ्या माशात वाढत जात नाही. माशात ते मुख्यतः हाडं, कल्ले, काळीज यांत जातं, मांसात कमी. म्हणून बाहेरच्या समुद्रातली सुरमई वेगळी आणि चिखल चाटून खाणारी खाडीतली बोय वेगळी. कालवं, शिणाणे, तिसऱ्या ही शिंपल्यातली मंडळी अजून वेगळी. युरोपात माशाच्या मांसाला किलोमागे ०.३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि शिंपल्यांना १.५, त्यांच्यात मुळातच जास्त साठतं म्हणून. याच गुणामुळे १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन सागरी रसायनशास्त्रज्ञांनी सुचवलं की किनाऱ्याचं प्रदूषण शिंपल्यांवरूनच मोजत राहावं.

जोशी सर (बी-५०१): पण शिसेविरहित पेट्रोल येऊन किती वर्षं झाली! मग हे येतं कुठून?

मेधा (सी-६०२): सर, देशभर शिसं बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्याआधीचं गाळात आहेच, धातू कुजत नाही. शिवाय जुने रंग, कोळशाची राख, कारखान्यांचं सांडपाणी, बॅटऱ्या.

आणि कुठलं ते शोधता येतं. शिशाच्या अणूंचे चार स्थिर प्रकार असतात, अणूच्या वजनावरून नावं पडलेले: २०४, २०६, २०७, २०८. शेवटचे तीन युरेनियम-थोरियमपासून तयार होत राहतात, म्हणून प्रत्येक खाणीत त्यांचं प्रमाण वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या शिशात २०६ आणि २०७ चं गुणोत्तर साधारण १.०४ येतं, नैसर्गिक गाळात १.२ च्या आसपास. शिसं भट्टीत वितळो, धुरात जाओ, तिसरीच्या पोटात जाओ, हे गुणोत्तर जवळपास तसंच राहतं. म्हणून गाळ, तिसरी आणि संशयित राख किंवा रंग, सगळ्यांचे आकडे शेजारी ठेवायचे. दोन-तीन उगम मिसळलेले असले की काम किचकट होतं, पण माग निघतो. गाळाच्या थराचं वयही शिसंच सांगतं: शिसे-२१० हा किरणोत्सारी प्रकार सुमारे २२ वर्षांत निम्मा होतो, तेव्हा तो किती उरलाय त्यावरून.

सुमन काकू (ए-१०४): मावशींना फोन केला. तिसऱ्या मार्केटमधून घेतात, कुठल्या ते त्यांना माहीत नाही. सुरमई-पापलेट घरच्या बोटीचं. पुढच्या वेळी विचारून आणते म्हणाल्या.

मेधा (सी-६०२): मग काकू, या तिसऱ्या लहानग्यांना नको आणि बी विंगमधल्या आपल्या गरोदर ताईंना तर नकोच. शिसं शरीरात कॅल्शियमच्या जागी शिरतं, मेंदू घडत असताना सर्वांत घातक. मोठ्यांनी एखाद्या वेळी खाल्ल्या तर घाबरू नका. मावशींना बंद करू नका. रोहन, त्यांनी चिखलात काही टाकलेलं नाही.

आणि सेक्रेटरी साहेब, लिफ्टच्या जुन्या बॅटऱ्या गेल्या खेपेला कोणाला दिल्या? त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं.

सेक्रेटरी: भंगारवाल्याला. त्याने जास्त भाव दिला होता. तो नाल्याकडेच फोडतो.

मेधा (सी-६०२): तो नाला खाडीत जातो. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे, दुकानदार घेतात.

रोहन (बी-३०२): मावशींबद्दलचं मत मागे घेतो. बॅटऱ्यांचं मी बघतो, किती आहेत?

सेक्रेटरी: जनरेटर रूममध्ये सहा. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी रविवारपर्यंत फ्लॅट नंबर कळवा. पावती घेऊनच गेटबाहेर जातील.