मदत हवी आहे : मोटार बसवलेल्या सायकलची चाके आणि ब्रेक

जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाण्यासाठी मी वडिलांच्या जुन्या २८ इंची सायकलच्या मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटार बसवली, पण ब्रेक मूळचे दांड्यांचेच ठेवले. परवा पावसात सात रस्त्याजवळ दोन्ही ब्रेक आवळूनही सायकल पुढच्या रिक्षापासून जेमतेम हातभर अंतरावर थांबली आणि घरी पाहिले, तर मागचे दोन स्पोक तुटलेले होते. ओल्या रिमवर रबर घसरणारच, त्यामुळे नुसते रबर बदलून भागेल असे मला वाटत नाही. दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियम रिम, १२ गेजचे (जाड तारेचे) स्पोक आणि पुढे डिस्क ब्रेक असा विचार आहे. जुन्या चिमट्याला (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कला) कॅलिपरची, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या भागाची, पट्टी वेल्ड करणे सुरक्षित ठरेल, की चिमटाच बदलावा? अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.