मिलीबग झाडावर सापडला म्हणजे ते झाड होस्ट धरायचं का? (सोलापूर, एमएस्सी प्रोजेक्ट)

सोलापुरी_ॲग्री
नमस्कार मंडळी. एमएस्सीला आहे, एन्टोमॉलॉजी (कीटकशास्त्र). कपाशीवरचा मिलीबग, म्हणजे आपला पिठ्या ढेकूण, फेनाकोकस सोलेनोप्सिस, हा सोलापूरच्या आजूबाजूला कुठल्या कुठल्या झाडांवर जगतोय, म्हणजे त्याचे होस्ट (ज्यावर कीड पोसते ती झाडं) कुठले ते बघायचं असा विषय आहे. जानेवारीतल्या गड्डा जत्रेच्या टायमापासून फिरायलोय, होटगी रोड, देगाव, मोहोळकडचे बांध, नर्सऱ्या, लोकांच्या कंपाउंडातली जास्वंद (एका आजींनी फांदी मोडली म्हणून झापलं, नंतर चहा पण पाजला). जिथं पांढरं दिसलं तिथं झाडाचं नाव लिहिलं, लिस्ट 41 वर गेली, लई खुश होतो. गाईडनी बघितली आणि अर्ध्याच्या वर नावांवर पेनानं रेघ मारली, ही काय होस्टची यादी नव्हे म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले. आता झाडावर बसलेला डोळ्यानं बघितलाय की, मग होस्ट कसा नाही?

किडेवाली_ताई
अरे बसलेला दिसला, पण जेवताना दिसला का? मिलीबगची पिल्लं वाऱ्यानं उडून कुठंही पडतात, मुंगळे उचलून नेतात, कपड्याला चिकटून तू पण नेत असशील. असं पडलेलं पिल्लू दोन दिवस फिरतं आणि उपाशी मरतं, आणि तू नेमका तेव्हाच तिथं पोचलास तर आलं नाव लिस्टमध्ये. मी तीन गोष्टी बघायचे: एकाच झाडावर लहान-मोठी सगळ्या वयाची आहेत का, मादीच्या मागं कापसासारखी अंड्यांची पिशवी आहे का, आणि आठ-पंधरा दिवसांनी परत गेलं तर वसाहत वाढलीय की गायब झालीय. तिन्ही असलं तर होस्ट लिही, नुसती सुटी पिल्लं असली तर वेगळ्या रकान्यात टाक, खोडू नको, नंतर कामाला येतं.

आणि लॅबमध्ये जगला म्हणून पण होस्ट म्हणू नको. मिलीबग खाणारे ढालकिडे वाढवायला लॅबवाले लाल भोपळ्यावर मिलीबग पोसतात, मस्त वाढतो. म्हणून काय शेतातल्या भोपळ्याचा तो मोठा शत्रू ठरतो का? कुंडीतल्या अख्ख्या झाडावर टेस्ट घे, तोडलेल्या पानावर नको, पान दोन दिवसात सुकतं आणि किडा मेला की आपण झाडाला दोष देतो.

बांधावरचा_पाटील
पोरा एक शेतकऱ्याचं ऐक. तुमी लोकं पानं बघता, उन्हाळ्यात काँग्रेस गवत उपटून बुडाला बघ की. वरून गवत वाळल्यालं दिसतंय आणि खाली मातीला लागून खोडाला पांढरं पांढरं, मुंग्यांची लाईन लागलेली. कपाशी रानात नसती तवा हे सगळं बांधालाच असतंय. मी फवारून फवारून दमलो, शेवटी बांध साफ केला तवा जरा कमी झालं. पेटारीवर पण बघ, भेंडीवर तर असतंयच.

किडेवाली_ताई
पाटीलदादा, बरोबर बोललात. जास्वंद, भेंडी, कपाशी, पेटारी हे सगळं एकाच कुळातलं, त्यामुळं तिथं सापडणारच. काँग्रेस गवत मात्र सूर्यफुलाच्या कुळातलं, तरी त्याला चालतं, खरी मजा इथंच आहे. आणि मुंग्यांचं म्हणाल तर सोलेनोप्सिस हे मुंगीच्याच एका वंशाचं नाव, ते या किड्याला 1898 मध्ये न्यू मेक्सिकोतून वर्णन करतानाच पडलंय.

लेन्सवाला
एक मिनिट, त्या 41 मध्ये सगळा एकच मिलीबग आहे हे कोणी ठरवलं? पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या जोड्या असल्या तर तुझा सोलेनोप्सिस. अंग पिवळं आणि अल्कोहोलच्या बाटलीत टाकल्यावर एक-दोन दिवसात निळं-काळं पडलं तर पपईवरचा, जो भारतात 2008 मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला होता. चिरडल्यावर लालसर रस निघाला तर जास्वंदीवरचा गुलाबी, तो तिसराच. शेवटी स्लाईड करून मायक्रोस्कोपखाली खात्री करायचीच, पण एवढ्यावर पण निम्मी गडबड निस्तरते. आणि क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी बघितलीयस का? ती मिलीबग खाते पण दिसते डिट्टो मिलीबगसारखी, अंगभर पांढरे झुपके. फरक एवढाच की तुरुतुरु पळते. मी पहिल्या वर्षी तिला मिलीबग म्हणून मोजलंय, हसू नका.

झाडाची पण फांदी फुलासकट पेपरात दाबून ठेव. पेटारी आणि चिकणा यात चुकणारी पोरं मी लई बघितलीत.

सोलापुरी_ॲग्री
सगळ्यांना थँक्यू. काल परत फिरलो. आघाड्यावर पाच झाडं बघितली, सगळी मिळून सात पिल्लं, एक पण मोठी मादी नाही, तो वेगळ्या रकान्यात गेला. पाटीलकाका, काँग्रेस गवत उपटलं, बुडाला बोटभर जाड थर होता, पिशव्यांसकट, मुंग्यांनी हात फोडून काढला. आणि लेन्सवाले दादा, कंपाउंडातल्या जास्वंदीच्या बाटलीत सकाळी बघितलं तर चार किडे निळेकाळे पडलेत. म्हणजे पपईवाला निघाला ना तो? आजींकडं परत जावं लागणार, यावेळी फांदी विचारून तोडतो.