काळ्या मातीत मुरलेलं डिझेल: आधी खत, मग वीज

जालन्याच्या गॅरेजमागच्या जमिनीत डिझेल मुरलंय, शेणखत टाकून नांगरलं तर भागेल का, असं एकाने विचारलंय. वरच्या वीतभर थराला भागेल, ओल आणि हवा मिळाली तर. खाली मात्र आपली चिकण माती भिजली की हवा कोंडते, खत उतरत नाही. वीज लावायची ती तिथे: ती मातीतलं पाणी आणि त्यातलं खत डिझेल खाणाऱ्या जिवाणूंपर्यंत सरकवते.

वीज सोडायला मातीत ग्रॅफाइटच्या कांड्या रोवा. लोखंडी सळई धन बाजूला गंजून झिजते. डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) पुरवठा, दोन कांड्यांमधल्या अंतराच्या सेंटिमीटरला साधारण १ व्होल्ट. म्हणजे मीटरभर अंतराला १०० व्होल्ट, तेव्हा कुंपण हवंच. पाणी ऋण टोकाकडे सरकतं, धन टोकाशी माती सुकून भेगाळते आणि करंट कमी होतो. तिथे पाणी देत राहा. धन टोक आम्लधर्मी, ऋण टोक अल्कधर्मी होऊन जिवाणू मरतात, म्हणून दिवसातून एकदोनदा टोकं उलटवा.

किलो मातीत १० ग्रॅम डिझेल असेल तर जिवाणूंना नत्र म्हणून युरिया साधारण पावणेदोन ग्रॅम, पण तीन-चार हप्त्यांत. एकदम टाकला तर अमोनियाच जिवाणूंना मारतो. स्फुरदही थोडं थोडंच द्या, आपल्या मातीतला चुना ते धरून ठेवतो.